रेडिओ आणि गुळण्यांची बाटली

आमच्या ह्यांना अख्खी गल्ली रेडिओ म्हणायची. सलूनमध्ये वस्तरा हातात आला की ह्यांचं तोंड सुरू. गिऱ्हाइकाच्या गालावर फेस, बिचाऱ्याला उत्तर देता येत नाही, मग काय, ह्यांचंच राज्य! घरीही तेच. दिवसभर राबून मी दमलेली, आणि हे मागे मागे गप्पा हाणत फिरणार.

मग लोक धाकट्या दिरांच्या खुर्चीसाठी थांबायला लागले. ह्यांची खुर्ची मोकळी, तरी आपले बाकावर बसून. ह्यांच्या तोंडाला वास यायला लागला होता, आणि दाढी करायची म्हणजे नाकासमोर नाक. पण सांगणार कोण? दीर म्हणाले, "वहिनी, तुम्हीच बघा." नको ती कामं नेहमी माझ्याच गळ्यात.

सांगितलं मी. संध्याकाळी हे गुळण्यांच्या औषधाची बाटली घेऊन आले. रोज सकाळी खळखळ, खळखळ. वास जैसे थे! शेवटी मी मोरीच्या दारात उभी राहून पाहिलं. औषध थुंकलं, आणि लगेच तांब्याभर पाण्याने तोंड खळाळून धुतलं.

"अहो, औषध सगळं गेलं की मोरीत!"

"मग? लावलं की धुवायचंच ना?"

जन्मभर लोकांच्या तोंडाला फेस लावून धुतलेला माणूस, दुसरं काय सुचणार! कपाळावर हात मारला मी.

ओढतच दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी किडलेली दाढ काढली. म्हणाल्या, "नुसत्या गुळण्यांनी कीड जात नाही. ब्रश करा, जीभ घासा. औषध अर्धा मिनिट तोंडात घोळवून थुंका, मग अर्धा तास पाणीसुद्धा नाही." ह्यांनी सगळं मुकाट पाळलं.

वास गेला. गिऱ्हाइकं परत आली. पण रेडिओ बंद तो बंदच. ओठ घट्ट मिटून दाढी करतात, श्वाससुद्धा मान वळवून सोडतात. घरी काही विचारलं तर तोंडासमोर हात धरून हो किंवा नाही. घर खायला उठतं हो मला. सांगायला नको होतं की काय, असं वाटतं. पण मी नाही तर कोण सांगणार होतं?

काल राहवेना. ह्यांचा तोंडासमोरचा हात धरून खाली ओढला. "अहो, नाही येत आता वास. शप्पथ! बोला ना काहीतरी."

"खरंच नाही येत?" हे म्हणाले, आणि मी जवळ सरकले तसे दोन पावलं मागे झाले.