आत्याचा ट्रॅक

कपाट आवरताना जुना हेडफोन सापडला. त्याच्या कानावरच्या गाद्यांना अजून खोबरेलाचा वास येतो. सायखेड्याच्या भजनी मंडळातल्या बायकांनी तो आळीपाळीनं डोक्यावर चढवला होता, त्याचा.

आत्या तिचं मंडळ घेऊन सातपूरला माझ्या छोट्या स्टुडिओत आली होती. तोवर सगळ्या एकाच माइकभोवती कोंडाळं करून गायच्या. मी हौसेनं प्रत्येकीला वेगळा माइक दिला, म्हणजे प्रत्येकीचा आवाज वेगळ्या ट्रॅकवर. भजन झकास झालं. मग सगळ्या माझ्यामागं दाटीनं बसल्या आणि कौतुकानं मी एकट्या आत्याचा ट्रॅक स्पीकरवर लावला.

धृपद तिनं खणखणीत म्हटलं. पुढं मंडळातल्या शेवंताकाकू एकट्या कडवं म्हणतात त्या जागी आत्याच कुणाला तरी सांगत होती, "आता ही लय लांबवती बघ."

काकू माझ्या खुर्चीमागंच होत्या. "माझं बी लाव एकटं," त्या शांतपणे म्हणाल्या. लावलं. धृपद संपताच त्या पुटपुटल्या होत्या, "हिला आवरा कुणी, एस्टी सुटल्यागत पळती."

दोघी एकमेकींकडं न बघता चहा प्यायल्या, खारी मात्र एकाच बशीतली खाल्ली.

ती वाक्यं मी तेव्हाच कापली. पण सॉफ्टवेअरमध्ये कापलेला तुकडा जात नाही, ट्रॅकची कड माउसनं ओढली की परत येतो. आत्या जाऊन बरीच वर्षं झाली. आज कड ओढली आणि आत्याचं ते वाक्य काकूंना फोनवर ऐकवलं.

काकू म्हणाल्या, "अजून लांबवतीच मी. पण आता कुणी काय म्हणतच नाय."