नळीमामांचा कान

गॅरेजवाल्या नळीमामांच्या गळ्यात सदा एक रबरी नळी असायची. तिचं एक टोक कानाला लावायचं, दुसरं इंजिनाला हवा-पेट्रोल पाजणाऱ्या कार्बोरेटरच्या तोंडाशी धरायचं. गाडीचे दोन्ही कार्बोरेटर सारखे फुसफुसले की स्क्रू आवळायचे, विषय संपला. दातांच्या डॉक्टरांनी एकदा हवा मोजायचं मीटर भेट दिलं, तर मामा म्हणाले, "भूक लागली का, हे घड्याळाला विचारायचं होय?" मीटर खोक्यातच पडून राहिलं.

याच डॉक्टरांची एक जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार होती. दोन सीटची, बुटकी, आणि नखरे मात्र ढीगभर. जुन्या गाड्यांच्या घाटातल्या शर्यतीत ती दरवर्षी शेवटून पहिली. "मामा, यंदा इंजिनाची ताकद वाढवाच," डॉक्टर म्हणाले. मामांना तेवढंच हवं होतं. इंजिनाचं हेड घासून घेतलं, कॅमशाफ्ट बदलला, मोठे कार्बोरेटर बसवले. जेवताना समोर बायको नसून इंजिनच बसलंय अशा थाटात बोलायचे. ती मध्येच म्हणायची, "अहो, कान दाखवून या एकदा." मामा म्हणायचे, "तूच हल्ली पुटपुटतेस."

शेवटी नळी लावायची वेळ आली. मामांनी कान लावला. काहीच नाही. नळी तुंबली असेल म्हणून फुंकून पाहिली. चांगली मोकळी होती. दुसरा कान लावला, तर कुठूनतरी लांबून काहीतरी. टेबलाच्या खणात खोक्यातलं ते मीटर होतं. पण समोर डॉक्टर उभे होते, आणि सगळ्या गॅरेजला मामांचं ते घड्याळाचं बोलणं तोंडपाठ होतं. मेला तो मोठेपणा! मामांनी अंदाजानंच स्क्रू आवळले आणि मान हलवली.

चाचणीला मामा शेजारी बसले. चढावर गाडी अशी उसळली की डॉक्टर लहान पोरासारखे हसले. मामाही हसले. वाटलं, जमलं बुवा, हातानं राखली लाज. घाटमाथा दिसायला लागला आणि मागून निळा धूर सुटला. इंजिन गचकलं ते गचकलंच.

गॅरेजात हेड उघडलं तर हवा-पेट्रोलाचं प्रमाण चुकल्यानं तापून पिस्टनला बोट जाईल एवढं भोक.

डॉक्टर मामांच्या तोंडासमोर येऊन म्हणाले, "पायथ्यापासून इंजिनातून टकटक येत होती. मी ॲक्सिलरेटरवरून पाय काढणारच होतो. पण तुम्ही निवांत बसला होतात. म्हटलं, काही असतं तर मामा बोलले असते."

मामांनी नळीशी चाळा केला. ऐकूच आलं नाही म्हणावं, तर उद्यापासून या कानाला कोण विचारणार? आणि दुसरं काय म्हणणार?

"ऐकली होती," मामा म्हणाले. "वाटलं, जाईल आपोआप."

डॉक्टरांनी गाडीची किल्ली उचलून खिशात टाकली. मग म्हणाले, "ऐकून गप्प बसलात?"

दुसऱ्या दिवशी दोरी बांधून गाडी दुसऱ्या गॅरेजला नेली. मामा दारातच उभे होते. आतून बायको जेवायला हाका मारत होती, आणि मामा गाडीच्याच वाटेकडे बघत होते.