फरार असतानाचं पुणे

वंदे, मी घर सोडलं त्या दुपारी तू कॉलेजात होतीस, म्हणून मी कशी निघाले ते तू पाहिलं नाहीस. आईने मला मागच्या दाराने काढलं. गावात पोलिसांची जीप फिरत होती. आईने पिशवीत दोन साड्या आणि भाकरी कोंबल्या, माझ्या मोबाइलमधलं सिम काढून चुलीत टाकलं आणि म्हणाली, “जाय. मागं पाहू नको. आन फोन तं बिलकुल करू नको.” मी पाया पडायला वाकले, तर तिने पाय मागे घेतले.

परवा तू फोनवर विचारलंस, ‘ताई, तू तिकडे एकटी राहिलीस तरी कशी?’ फोनवर सांगता आलं नाही. म्हणून लिहिते.

आधी जे केलं ते. आपल्या भावावर, प्रकाशवर, त्याच्या मालकाने चोरीची तक्रार दिली होती. त्या मालकाची सात वर्षांची मुलगी मी मदतनीस होते त्याच शाळेत दुसरीत शिकत होती. मुलं मला मावशी म्हणायची. प्रकाश म्हणाला, “ताई, फक्त संध्याकाळपर्यंत. तक्रार मागं घेतली का पोरगी घरी. तू कायले घाबरून राहिली?” सोबत त्याचा एक मित्र होता. मी आधी नाही म्हणाले, मग हो म्हणाले. पुढे कोर्टात वकिलांनी विचारलं, तुमच्यावर जबरदस्ती झाली होती का? नव्हती झाली. शाळा सुटल्यावर मी फाटकापाशी तिला हाक मारली आणि ती दप्तर सावरत, माझा हात धरून गाडीपर्यंत चालत आली. दुसऱ्या कुणी बोलावलं असतं तर ती गेली नसती.

संध्याकाळ झाली तरी तक्रार काही मागे घेतली गेली नाही. शेतातल्या खोलीत ती मला पुन्हापुन्हा विचारत होती, “मावशी, मम्मीला माहीत आहे ना?” आणि मी हो म्हणत होते. सकाळी प्रकाशचा मित्र म्हणाला, इथं धोका आहे, हिला मध्य प्रदेशात नेऊ. प्रकाश त्यावर काहीच बोलला नाही. त्याचं ते गप्प बसणं पाहिलं आणि मी ठरवलं. दोघं पेट्रोल भरायला गेले, तशी मी तिला घेऊन कपाशीतून रस्त्याला लागले. रिक्षा मिळाली. तिच्या गल्लीच्या तोंडाशी तिला उतरवलं. ती पळत जाऊन फाटकात शिरली, आतून तिच्या आईचा आवाज फुटला, आणि मी पाठ फिरवली. मी तिथेच थांबायला हवं होतं.

त्या रात्री पुण्याच्या गाडीत माझ्या शेजारी मंगलताई बसली होती. वाशिमकडची, पुण्यात स्वयंपाकाची कामं करणारी, गावाहून परत निघालेली. मी तिला सांगितलं, माझं नाव सुनीता, नवरा मारतो म्हणून पळून आले. तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला. त्या हाताची मला अजून लाज वाटते. वाकडेवाडीच्या एसटी स्टँडवर उतरल्यावर ती मला विश्रांतवाडीच्या तिच्या खोलीवर घेऊन गेली आणि अर्धी खोली मला दिली.

पुण्यात बायका उन्हाधुळीसाठी डोळ्यांपर्यंत स्कार्फ गुंडाळून फिरतात. फरार बाईला याहून सोयीचं शहर नसेल. मी गाडीवर बसत नव्हते, पण बसमध्येसुद्धा स्कार्फ सोडत नव्हते. विश्रांतवाडीहून शहरात जाणारी बस येरवड्यावरून जायची. कंडक्टरने “येरवडा, जेलवाले पुढे या!” असं ओरडलं की माझी बोटं दांड्यावर घट्ट व्हायची. सिग्नलवरचे कॅमेरे मला पाठ झाले होते. खाकी रंगाचा साधा मळका शर्ट दिसला तरी मी दुसऱ्या फुटपाथला जायची. गावाकडे मी बाजारात चार जणींशी बोलल्याशिवाय घरी यायची नाही, तुला आठवतं ना? इथे दुकानदाराने “आणखी काही?” विचारलं तरी मी पैसे ठेवून निघून यायची.

मंगलताईच्या ओळखीने सदाशिव पेठेत एका फ्लॅटमध्ये काम लागलं. निवृत्त शिक्षक बापटकाका आणि अंथरुणाला खिळलेल्या काकू. काकूंचं सगळं करायचं आणि दुपारी त्यांना पेपर वाचून दाखवायचा. पहिल्याच दिवशी काकांनी नाव विचारलं. मी क्षणभर थांबले.

“अहो, नाव विचारलंय, सातचा पाढा नाही,” काका म्हणाले.

आधार कार्ड हरवलं म्हणून सांगितलं तर म्हणाले, “हरवलंय, की हरवावं लागलंय?” पण काकूंनी माझा हात धरून ठेवला होता, म्हणून त्यांनी पुढे विचारलं नाही. काका माझी भाषा सुधारायचे. “‘करून राहिले’ नव्हे. ‘करते आहे’ म्हणावं.” मी मन लावून शिकले, कारण माझं बोलणं मला पकडून देईल असं वाटायचं. वर्षभरात ‘मले’चं ‘मला’ झालं. दोन वर्षांनी तर मी मनातसुद्धा पुण्यासारखी बोलायला लागले. आईचा आवाज मात्र त्या भाषेत कधी आला नाही.

दर महिन्याला वाटायचं, तुला एक फोन करावा. एसटीडीच्या जुन्या बंद टपरीसमोर उगाच उभी राहायची आणि निघून यायची.

चौथ्या वर्षी काकांची मुलगी परदेशातून सुट्टीला आली. तिची मीरा सहा वर्षांची. तिला जवळच एका नाचाच्या क्लासला घातलं होतं. एके दिवशी तिच्या आईला उशीर होणार होता. काका म्हणाले, “सुनीताबाई, मीराला जरा घेऊन येता? क्लासच्या बाई तुम्हाला ओळखतात.”

मी म्हणाले, माझे पाय दुखताहेत. काकांनी चष्म्यावरून पाहिलं. “आत्ताच तीन जिने चढून भाजी आणलीत.”

गेले. फाटकापाशी बाईंनी काही न विचारता मीराला माझ्याकडे सोडलं. ती आली आणि तिने माझा हात धरला. तेवढंच. तिने हात धरला आणि मला ती कपाशी, ते दप्तर, ते ‘मम्मीला माहीत आहे ना’ सगळं समोर दिसायला लागलं. मी तिचा हात सोडला. ती म्हणाली, “मावशी, रोड आहे ना, हात धर!” भर रहदारीत मी तिथे उभी राहून रडले. मग तिचा हात धरून तिला घरी आणलं, आतल्या खोलीत पाठवलं आणि काकांना सगळं सांगितलं. उभ्यानेच.

मीराच्या खोलीचं दार त्यांनी उठून लावून घेतलं. ते मला लागलं, पण बरोबरच होतं. मग म्हणाले, “पोलीस चौकी जवळच आहे. चहा घ्या. मी येतो बरोबर.”

“तुम्ही कशाला?”

“चार वर्षं खोट्या नावाच्या बाईच्या हातचं जेवलो. खऱ्या नावाच्या बाईला पोचवायला नको?”

चौकीत मी शोभा हे नाव सांगितलं तेव्हा माझाच आवाज मला परका वाटला. दोन दिवसांनी आपल्याकडचे पोलीस मला न्यायला आले. गाडीत त्यांच्यातल्या एकीने सहज सांगितलं, “तुझी माय मागच्या वर्षी गेली. मालूम नव्हतं तुले?” चार वर्षांनी आपल्या गावाकडचं कुणीतरी माझ्याशी आपल्या भाषेत बोललं, ते हे. आईचे दिवस तू एकटीने केलेस, प्रकाश तर जेलमध्ये होता, आणि मी त्या दिवसांत काकूंना पेपर वाचून दाखवत असेन.

कोर्टात तू मागच्या बाकावर होतीस, तेव्हा ऐकलंच असशील. मुलगी अकरा वर्षांची झाली होती. वकिलांनी विचारलं, या बाईंना ओळखतेस? ती माझ्याकडे नीट पाहत म्हणाली, “हो. ह्यांनीच मला नेलं.” थोडं थांबली. “आणि ह्यांनीच आणून सोडलं.” तिने दोन्ही सारख्याच आवाजात सांगितलं. शिक्षा सुनावली तेव्हा मी न्यायाधीशांपेक्षा तिच्याच शब्दांचा विचार करत होते. आजही करते.

सुटल्यावर तू म्हणालीस, घरी चल. आले असते. पण त्या गावात ती मुलगी मोठी होते आहे. बाजारात, बसस्टँडवर मी तिच्यासमोर यावं, हे मला नको आहे. ते गाव तिचं असू दे. मी पुण्याला परत आले. काकू तोवर वारल्या होत्या आणि काका मुलीकडे राहायला गेले होते. मंगलताईला खरं सांगितलं, तर ती महिनाभर बोलली नाही. मग एक दिवस डबा घेऊन आली आणि न बोलता जेवायला बसली. आता विश्रांतवाडीतच माझी वेगळी खोली आहे. पेशंटच्या घरी जाते, फक्त म्हाताऱ्या माणसांची कामं घेते. घरमालकिणीला पहिल्याच दिवशी सगळं सांगितलं. ती दोन दिवस विचार करत होती, मग तिने किल्ली दिली.

काल दुपारी मेथी निवडत होते. दार वाजलं. भाडेकरूंची चौकशी करायला हवालदार आला होता, हातात माझा फॉर्म. जेलचा रकाना त्याने दोनदा वाचला आणि माझ्याकडे पाहिलं. मी उंबऱ्यात उभी राहिले, पाय जागचे हलले नाहीत.

“मूळ गाव विदर्भातलं. मग सुटल्यावर घरी नाही गेलात?”

“आलेय की,” मी म्हणाले. “हेच.”

त्याने सही घेतली आणि तो जिना उतरून गेला. मी दार उघडंच ठेवलं आणि मेथी निवडायला बसले.