तुमसरला न गेलेला फोटो

"आज उजेड बरोबर नाही, भाऊ. उद्या पाहू," असे म्हणून ते कॅमेरा पुन्हा चामडी पेटीत ठेवत.

बालाघाटच्या आमच्या मोहल्ल्यात स्वतःचा कॅमेरा घेणारे ते पहिले गृहस्थ. कचेरीत आमची टेबले शेजारी, घरेही लागूनच. त्यामुळे त्यांच्या छंदाचा त्रास इतरांपेक्षा मला थोडा अधिक झाला, असे म्हणता येईल.

त्या वर्षी त्यांच्या मुलीला तुमसरचे स्थळ आले. मुलाकडच्यांनी फोटो मागितला. मुलगी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. पण फोटो पसंत पडला की लगेच लग्न, परीक्षा राहिली तर राहिली, असे त्यांच्या कटंगीच्या थोरल्या बंधूंनी ठरवून टाकले होते. थोरल्यांना नाही म्हणण्याची त्या घरात रीत नव्हती. यांनीही म्हटले नाही.

"हौ दादा. फोटो मीच काढतो. घरीच."

मग रोज सकाळी मुलगी खिडकीशी बसे. उजेड तिच्याकडे परतवण्यासाठी मी पांढरी चादर धरून उभा राही. ते एक डोळा मिटून बराच वेळ पाहत, स्टूल चार बोटे सरकवत आणि खिन्न होत. कधी ऊन कडक असे, कधी धुके. एकदा तर भिंतीचा रंगच मुलीच्या स्वभावाला शोभेना. ती मात्र मान खाली घालून रसायनशास्त्र वाचत राही. तिला कोणीही मान वर करायला सांगत नसे, हे माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवे होते.

संक्रांतीला थोरले बंधू स्वतः येऊन थडकले.

"काहून बे, फोटो पाठवतं, का पोरगी म्हातारी व्हायची वाट पाहून राह्यला?"

"दादा, चेहऱ्यावर सावली येते. तिकडचे म्हणतीन, पोरगी काळी आहे."

थोरले विचारात पडले. आपणही असे थोरले पाहिले असतील. हा मुद्दा त्यांना तत्काळ पटला.

थोरले परत गेल्यावर एके दिवशी ते माझ्या हाती कॅमेरा देऊन पाणी प्यायला आत गेले. माझ्या धांदरटपणामुळे मागचे झाकण उघडले. रोल उजेडाने खराब झाला, असे समजून मी घाईघाईने झाकण लावू लागलो. पाहतो तर आत रोलच नव्हता.

ते दारात उभे होते.

"झाकण लावा अन् चादर धरा, भाऊ," ते हळूच म्हणाले. "परीक्षा मार्चात आहे."

मी चादर धरली. मार्चपर्यंत धरली.

तुमसरकरांनी कंटाळून दुसरीकडे सोयरीक जमवली. थोरल्यांनी आम्हा दोघांच्या कलेचा यथेच्छ उद्धार केला. शेवटचा पेपर देऊन मुलगी घरी आली आणि खिडकीला टेकून बसली, त्या दुपारी यांनी प्रथमच रोल भरला आणि काही न सरकवता एकदाच बटण दाबले.

त्यांना जाऊन आता काही वर्षे झाली. मुलगी किरनापूरला शिक्षिका आहे. तो फोटो तिच्या बैठकीत टांगलेला असतो. त्यात तिचे दोन्ही डोळे मिटलेले आहेत. फोटो धुऊन आला तेव्हा मी भीत भीत तो दोष दाखवला होता, दुसरा काढू या असेही सुचवले होते.

त्यांनी तो माझ्या हातून काढून घेतला.

"राहू द्या, भाऊ. सालभर जागली पोरगी. निजू द्या तिले."