लॅमिनेट केलेला रतनपुरुष

तुम्ही काय करता असं कोणी विचारलं, तर चंद्रिका येमूल "कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते" एवढंच सांगायच्या. पण बाईंचा निम्मा जीव असे हर्बेरियमच्या कपाटात. तिथं वाळवून दाबलेली झाडं जाड कागदांवर बसवलेली, आणि कोपऱ्यात चिठ्ठी: झाड कुठं मिळालं, कधी, कोणी आणलं. घर भवानी पेठेतल्या विणकरांचं. त्यामुळं बाईंनी डिंकाला कधी हात लावला नाही. आई काशम्मा मागावरचं उरलेलं सूत जपून ठेवायची, त्याच सुतानं त्या एकेक फांदी कागदावर टाचत. टाका कापायचा, फूल उचलून भिंगाखाली धरायचं, पुन्हा टाचून टाकायचं.

कपाटातला त्यांचा लाडका म्हणजे रतनपुरुष. व्हायोलेटच्या कुळातलं वीतभर रानझाड. जीभ काढून दाखवावी तशी खाली लोंबणारी एकच मोठी पाकळी, रंग गुलाबी-जांभळा. पण अक्कलकोट रस्त्यालगतच्या एका माळावर बाईंना हा पठ्ठ्या पांढऱ्या फुलाचा सापडला. नुसता रंगच वेगळा, की जातच निराळी? फूल उकलून आत पाहिल्याशिवाय कोण सांगणार? पुण्याचे एक तज्ज्ञ दिवाळीनंतर येऊन बघतो म्हणाले होते. तेवढ्यात माळावर जेसीबी फिरला, गोदामं उभी राहिली. पांढरा रतनपुरुष उरला तो कपाटातल्या एका कागदावर.

आणि नेमकी कॉलेजात तपासणी समिती येणार म्हणून प्राचार्यांच्या अंगात आलं. भिंती रंगल्या, भाड्यानं कुंड्या आल्या. बाई भाचीच्या लग्नाला कुर्डुवाडीला गेलेल्या. प्राचार्यांनी कपाट उघडून घेतलं, वरच्या कप्प्यातले सगळे कागद झेरॉक्सच्या दुकानात धाडले आणि लॅमिनेट करून आणले. शाळा सोडल्याचा दाखला करतात ना, तसे. गरम रोलरखालून. बाई परत येऊन बघतात तो पांढऱ्या फुलाचा तपकिरी डाग होऊन प्लॅस्टिकला चिकटलेला. वर प्राचार्य हसून म्हणाले की मॅडम, आता शंभर वर्षं किडा लागायचा नाही. रसायनशास्त्राचे डॉक्टर हे! अशा माणसाला काय म्हणावं? बाईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली, पण समिती दारात उभी होती.

समितीतले एक गृहस्थ स्वतः वनस्पतिशास्त्राचे. त्यांनी तोच कागद उजेडात धरला आणि सगळ्या कॉलेजांनी असंच करावं म्हणून वाखाणणी केली. प्राचार्य लगेच पुढं सरसावून म्हणाले, कल्पना आमच्या मॅडमचीच. आता मात्र हद्द झाली.

"सर, तेवढं फूल काढून दाखवा की," बाई म्हणाल्या.

गृहस्थांनी कागद उलटासुलटा केला, कडेला नख लावून पाहिलं आणि टेबलावर ठेवला.

"न्हाय ना निघत? त्या माळावरची एवढी एकच नोंद होती. माळ गोदामवाल्यांनी संपवला, नोंद आपण संपवली. आणि ही कल्पना माझी न्हाय, तेवढं अहवालात लिहा."

प्राचार्यांनी चहा मागवला. पुढं अहवाल आला, त्यात नमुन्यांच्या उत्तम जतनाबद्दल कॉलेजचं कौतुक होतं.

अहवाल आला त्याच दिवशी बाईंनी पुण्याच्या तज्ज्ञांना फोन लावला आणि येऊ नका म्हणून सांगितलं. तिकडून विचारणा झाली, का, फूल हरवलं का?

"न्हाय सर," बाई म्हणाल्या, "फूल हाय. पण ते कोण होतं, हे आता कुणालाच कळणार न्हाय."