वाघोबाच्या वळणावरचा चुना

गाडी सुरू करण्याआधी आरशावरून रुमाल फिरवायचा. मागं कुणी झोपलं असेल तर हॉर्न टाळायचा. मोहफुलं वेचून येणाऱ्या बाया दिसल्या की गाडी हळू करायची, त्यांच्या अंगावर धूळ उडू द्यायची नाही. आणि वाघोबा देवाच्या ठाण्यापुढून जाताना स्टेअरिंगवरचा हात काढायचा नाही.

या शेवटच्या सवयीवरून देवाजीभाऊंची फार थट्टा व्हायची. जंगलाकाठच्या मोहर्लीतल्या एका रिसॉर्टमधल्या कामगारांची गाडी ते चालवत. बाकीचे ड्रायव्हर तिथं चालत्या गाडीतून हात जोडत. देवाजीभाऊ बौद्ध, ते जोडत नसत.

“नाव देवाजी, आन देवाले हात नाई!” गुलाब ड्रायव्हर म्हणायचा.

“दोनच हात हायेत बापा. दोन्ही गाडीले लागतात.”

निकेश त्याच गाडीनं कामावर जाई. मराठीत एम.ए. करून रिसॉर्टच्या काउंटरवर बसलेला. ड्रायव्हरांच्या मोबाईलमध्ये नवं ॲप आलं, तेव्हा ते समजून घ्यायला देवाजीभाऊ त्याच्याकडेच आले. गाडी कुठं भरधाव गेली, कुठं करकचून ब्रेक लागला, ते फोनला आपोआप कळायचं. नकाशावर लाल ठिपका उमटायचा. एक ठिपका सगळ्यांच्याच फोनमध्ये होता. वाघोबाचं वळण.

मॅनेजर हसले. “नमस्कारासाठी ब्रेक मारता तुम्ही. दुसरं काय?”

ड्रायव्हरांनाही ते पटलं. देवाजीभाऊंनी आपला फोन पुढं केला.

“मी तं नमस्कार करत नाई साहेब. मंग मले ठिपका काऊन आला?”

त्या वळणावर बांबू रस्त्यावर वाकलाय. पलीकडून गावची पायवाट येते, ती अगदी जवळ गेल्याशिवाय दिसत नाही.

“एखांदी बाई मरन तिथी,” देवाजीभाऊ म्हणत राहिले. बांबू तोडायची वनखात्याची परवानगी मिळेना. तेव्हा वळणाचे दगड तरी पांढरे करू म्हणून सुट्टीच्या सकाळी ते चुन्याची बादली घेऊन निघाले.

“तू ये मागून,” पुस्तक वाचत बसलेल्या निकेशला म्हणाले. “पुस्तक संपलं की.”

निकेश चपला घालत होता, तेवढ्यात फोन आला. पर्यटकांची गाडी वळणावर वेगात आली होती. ब्रेक लागला होता, पण उशिरा.

देवाजीभाऊंच्या अंत्यविधीनंतर त्यांच्या पत्नी रुखमाबाई निकेशला एवढंच म्हणाल्या, “बादली घेऊन ये बाबू. घरची पाण्याची हाये.”

बादली तिथंच होती. चुना तळाशी सुकून तडकला होता, ब्रश त्यातच रुतलेला. बांबूकडचे दगड पांढरे झाले होते. पायवाटेकडचे अजून काळेच होते.