मोटरीचा उसासा

बंद पडलेल्या यंत्राची हात जोडून माफी मागणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, आणि नशीब असं की मी राहतो तो त्याच्याच पोटमाळ्यावर. हे आमच्या घरमालकीणताईंचे वडील. वेसाव्याच्या कोळीवाड्यात सगळे त्यांना बाबा म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. बाबांचं म्हणणं असं, की यंत्र बिघडत नाही, रुसतं. शेजारणीचा मिक्सर जळाला तेव्हा त्यांनी तिला शांतपणे विचारलं, "कालपासून तू याच्यावर किती वेला ओरडलीस?" रिक्षात बसले की दोन सिग्नल जायच्या आत रिक्षावाल्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगतात, "भाऊ, याला कंटाला आलाय, आज लवकर घरी ने." एटीएममधून पैसे आले की मशीनला नमस्कार करतात आणि मागची रांग खोळंबते. मेट्रोत मात्र त्यांनी अजून पाय ठेवलेला नाही. "आवाजच करत नाय ती," म्हणतात. "जी मनातलं सांगत नाय, तिच्या पोटात कोन बसंल?"

मी वाशिमकडचा. नववीत शाळा सुटली, मग तालुक्याच्या गॅरेजात ट्रॅक्टर आणि विहिरीवरचे पंप दुरुस्त करायला शिकलो, आणि पुढे अंधेरीत एका मोटारसायकलच्या गॅरेजात लागलो. खोली शोधताना लोक आधी गाव विचारायचे, मग आडनाव विचारायचे, आणि मग खोली कालच गेली म्हणायचे. बाबांनी यातलं काही विचारलं नाही. त्यांनी टेबलफॅन लावला आणि म्हणाले, "ऐक आनि सांग, याचं काय दुखतंय." शाळा अर्धवट सुटलेल्या माणसाला कुठलाही प्रश्न परीक्षेसारखा वाटतो. मी पंख्याजवळ कान नेला. घाबरत म्हणालो, "आतला बुश कोरडा पडलाय, तेल हवंय." बाबांनी आत हाक मारली, "पोरी, चादर काढ गं. मानूस कानाचा हाय." आयुष्यात पास झालेली ती माझी पहिली परीक्षा. अजूनही दार वाजलं की मला वाटतं, खोली खाली कर म्हणून सांगायला आले. दारात बाबा असतात, हातात सुक्या बोंबलाच्या चटणीची वाटी.

बाबांची एक लहानशी होडी आहे आणि तिच्या मागे लावलेली मोटर. ही मोटर त्यांच्या बायकोने मासळी विकून घेतलेली, त्यामुळे तिचा मान घरातल्या बाईचा. नारळी पौर्णिमेच्या आधी अख्खा कोळीवाडा होड्या रंगवतो, पण बाबांचा ब्रश होडीवर थांबत नाही. वल्ही, बादली, पेट्रोलची टाकी, जे समोर येईल त्याला निळ्या रंगाचे दोन हात. एका वर्षी ताईंच्या चपलासुद्धा निळ्या झाल्या होत्या. बायको होती तोवर ती हातातून ब्रश काढून घ्यायची. ती गेल्याला सहा वर्षं झाली. आता काढून घेणारं कुणी नाही.

तर ही मोटर खाडीच्या मधोमध गेली की बंद पडायची. बाबा मुळीच गडबडायचे नाहीत. टाकीचं झाकण उघडायचं, आत डोकावायचं आणि घरची खबर सांगायची: पाणी उशिरा आलं, पोरीचा गुडघा दुखतोय, वरचा घाटावरचा भाडेकरू जेवत नाय नीट. एवढं सांगून झाकण लावायचं आणि दोरी ओढायची. मोटर चालू. "बघ," मला म्हणायचे, "बोललं की ऐकते."

पण एकदा मोटर थांबली ती नेमकी फेरीबोटीच्या वाटेत. ओहोटीचं पाणी ओढत होतं, फेरीबोट भोंगा वाजवत होती, आणि बाबांना तिच्याशी बोलायला वेळच मिळाला नाही. नुसती दोरी ओढत राहिले. शेवटी दुसऱ्या एका होडीने त्यांना दोर लावून ओढत आणलं. ताई धक्क्यावर उभ्या होत्या. घरी आल्यावर म्हणाल्या, "बाबा, आई गेली, आता तुला पन घालवायचं नाय मला. रविवारी माझ्यासमोर खाडीपलीकडं मढला जाऊन ये. मधी एकदा जरी थांबली, तर मोटर उतरवायची आनि तू घरी बसायचं." माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आनि तू मेकॅनिक ना रे? मग बघ की."

बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. ज्याने मला छप्पर दिलं त्याची खाडी आता माझ्या हातातल्या पान्यावर टांगलेली होती. मी प्लग बदलला, कार्बोरेटर तीनदा धुतला, फिल्टर नवा टाकला, पेट्रोल काचेच्या बाटलीत घेऊन पाणी आहे का ते पाहिलं. अंगणात पाण्याच्या पिंपात मोटर लावली तर पाच मिनिटं अशी चालली की शेजारी झकास म्हणाले, आणि सहाव्या मिनिटाला तेच शेजारी धुराने खोकत ती बंद करा म्हणाले.

शनिवारी आम्ही दोघं खाडीत उतरलो. मला पोहता येत नाही. आमच्याकडे पोहण्याएवढं पाणी एका जागी राहत नाही. मी दोन्ही हातांनी फळी धरून डोळे मिटले होते. दहा मिनिटांनी मोटरीने दोन गचके दिले आणि गप्प झाली. बाबा झाकणाकडे वळले. माझे डोळे मिटलेले होते म्हणूनच असेल, झाकण फिरलं तसा मला बारीक आवाज ऐकू आला: सूऽऽस.

"बाबा, हा आवाज कसला?"

"उसासा टाकते ती. नेमी टाकते," बाबा म्हणाले. "मन भरून आलं की बाय मानूस टाकतंच."

"बाबा, उसासा नाही हा. ही श्वास आत घेतेय."

मी झाकण हातात घेतलं. टाकीतलं पेट्रोल जसं संपतं तशी तिथे बाहेरची हवा जावी लागते, आणि त्यासाठी झाकणाच्या मधोमध सुईएवढं भोक असतं. या झाकणाला भोकच नव्हतं. मनगटाच्या दोऱ्याला लावलेली सेफ्टी पिन काढून मी खरवडलं तर निळ्याखाली निळा, त्याखाली पुन्हा निळा, असे सहा वर्षांचे थर निघाले. बाबा झाकण उघडायचे तेव्हा हवा आत जायची, म्हणून मोटर चालू व्हायची. बाबांनी त्यातला एक निळा पापुद्रा उचलून तळहातावर घेतला.

"म्हनजे मीच तिचा गला दाबत होतो," ते म्हणाले. "लाड करता करता."

रविवारी ताई धक्क्यावर कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. मढला गेलो, परत आलो, मोटर एकदाही थांबली नाही. ताईंनी विचारलं, "काय झाला होता तिला?" मी आदल्या रात्री ठरवून ठेवलेलं उत्तर दिलं, "कचरा अडकला होता." बाबा म्हणाले, "खोटं बोलतोय तो. माझा रंग होता." मग ताई हसल्या आणि मला म्हणाल्या, "जेवायला ये खाली. आनि घाबरत जाऊ नको एवढा, कोन खात नाय तुला." पुढच्या नारळी पौर्णिमेला बाबा ब्रश घेऊन टाकीजवळ बसले, तेव्हा ताईंनी कपाळावरची टिकली काढून त्या भोकावर चिकटवली आणि म्हणाल्या, "आता रंगव किती रंगवायचं ते. रंग वालला की टिकली मी काढीन."

हल्ली मोटर थांबत नाही. सुट्टीच्या दिवशी मी बाबांबरोबर जातो, फळी आता एकाच हाताने धरतो. खाडीच्या मधोमध आलो की बाबा स्वतःच मोटर बंद करतात. "तापली असंल," म्हणतात. मी इंजिनाला हात लावून बघितलेला आहे, तापलेली नसते. ते झाकण उघडतात, आत डोकावतात. आता आवाज येत नाही, तरी बाबा जरा वाट बघतात, मग हळू आवाजात सुरू करतात: "पोरीने आज मांदेलीचं कालवन केलं होतं. बरं होतं. पन तुझ्यासारखं नाय जमलं तिला."

मी किनाऱ्याकडे तोंड करून बसतो. पोहता मला अजून येत नाही, पण परत फिरायची घाई वाटत नाही.